रासबेरीला दोन मुठी मीठ

आमच्या घरामागे नऊ फूट रुंद आणि चौदा फूट लांब अशी मातीची एक पट्टी राहिली आहे. गावाची शेतं गेली, त्या जागी इमारती आल्या, जुईनगर स्टेशन आलं आणि आमच्या वाट्याला भाडेकरू आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाड्यावर घर चालतं. पण जुनं घर पाडून तीन मजले चढवले तेव्हा मी गवंड्याला एवढंच सांगितलं होतं की मागची माती झाकू नकोस. सकाळी उठल्यावर अनवाणी उभं राहायला मला दुसरी जागा नाही.

गवंड्याने ऐकलं. माझा मुलगा रूपेश ऐकेना.

रूपेश रबाळ्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. दीड-दोन वर्षांपूर्वी त्याने गाडी घेतली. ती रस्त्यावर उभी राहायची आणि दर आठवड्याला तिच्या अंगावर नवा ओरखडा उठायचा. गेल्या गुढीपाडव्याला तो हातात टेप घेऊनच मागे आला.

"बाबा, इथे पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. गाडी आत येईल. चिखलाचं टेन्शन नाही."

"आणि झाडं?"

"कसली झाडं? अळू, तुळस आणि तो काटेरी नमुना."

तो काटेरी नमुना म्हणजे माझी रासबेरी. शेजारचे मुख्तारभाई त्यांच्या मुलाबरोबर महाबळेश्वरला गेले होते, तिथून त्यांनी ती आणली होती. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीतभर काडी. मुख्तार मूळचा मुरुडकडचा. जुईनगरात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, आता ते मुलगा बघतो. आमची ओळख चाळीस वर्षांची. आमच्यामध्ये एक छातीएवढी भिंत आहे आणि रोज संध्याकाळी आम्ही दोघं तिच्यावर कोपरं टेकून उभे असतो.

"तूच लाव," तो म्हणाला होता. "माझ्या हाताने बल्ब जगतात, झाडं नाही जगत."

पहिलं वर्ष काडीने नुसतं टिकून राहण्यात घालवलं. गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. त्यामुळे रूपेश हसला त्यात त्याची चूक नव्हती.

"बाबा, रासबेरी इथे फक्त बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर मिळते. तीपण बाटलीत."

मला राग आला. मी म्हटलं, "पुढच्या होळीपर्यंत थांब. होळीला वाटीभर फळं तुझ्या हातात ठेवतो. नाही ठेवली तर टाक तुझे ब्लॉक, मी एक शब्द बोलणार नाही."

"आपल्या अंगणातली वाटीभर?"

"आपल्या अंगणातली."

माझी बायको सुमित्रा दारात सुके बोंबील निवडत बसली होती. दिवाळे गावच्या कोळणीकडून आणलेले. ती मान वर न करता म्हणाली, "मोठी वाटी का छोटी, ते आत्ताच ठरवा. मागाहून माज्याकडं भांडन नको."

आमटीची वाटी ठरली.

पावसाळ्यात झाडाने मला खूश केलं. जमिनीतून पाच-सहा नवे दांडे निघाले, जांभळट, वर पिठी लावल्यासारखे पांढरे. श्रावणात ते माझ्या डोक्याच्या वर गेले आणि वाकले. दोन तर भिंतीवरून पलीकडे उतरले. महाबळेश्वरच्या माळ्याने मुख्तारला सांगितलं होतं की दांडा एक वर्ष नुसता वाढतो, दुसऱ्या वर्षी फळतो आणि मग मरतो, तोवर बाजूला नवे आलेले असतात. म्हणजे होळीचं गणित बरोबर बसत होतं. मी रोज संध्याकाळी दांडे मोजायचो.

दसऱ्याच्या सुमारास पानं जरा फिकी पडली. तेव्हा मी ते केलं जे आमच्या घराण्यातल्या कुणीही केलं असतं.

आमचं घराणं मिठागरातलं. माझा बाप खाडीकाठी मीठ ओढायचा, मीही तरुणपणी ओढलं. आमच्याकडे दात दुखला तर मीठ, दृष्ट लागली तर मीठ, माड रुसला तर त्याच्या आळ्यात मीठ. मीठ घातलेले आमचे माड काय लागायचे. मग रासबेरीनेच काय घोडं मारलंय, असं मला वाटलं. सुमित्रा बाजारात गेली होती. मी डब्यातून दोन मुठी खडेमीठ घेतलं, बुंध्याशी टाकलं, वर पाणी दिलं आणि हात झटकले.

आठ दिवसांत पानांच्या कडा जळल्या. मी घाबरून बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. त्याने मीठ आणखी खाली मुळाशी गेलं असणार. दिवाळीला माझ्या अंगणात सहा वाळक्या काटक्या उभ्या होत्या.

"मिठाचा डबा अर्धा कसा झाला?" सुमित्राने विचारलं.

"उंदरांनी नेलं असेल."

"आता उंदीर पन लोनचं घालायला लागलं का?"

मिठाचं मी कुणालाच सांगितलं नाही. मुख्तारलासुद्धा नाही. वाळक्या काटक्यांना रोज सकाळी पाणी घालत राहिलो, कारण ते बंद केलं असतं तर लोकांनी विचारलं असतं. रूपेश शहाणा मुलगा आहे, त्याने टोमणा मारला नाही. एकदा फक्त ब्लॉकचे दोन नमुने आणून ओट्यावर ठेवले, एक लाल, एक राखाडी. "रंग तुम्ही निवडा, बाबा," म्हणाला. त्याने मला जास्त वाईट वाटलं.

जानेवारीत एका सकाळी भिंतीपलीकडून नफिसाभाभींचा आवाज आला. मुख्तारची बायको. त्या सहसा ओरडत नाहीत.

"कमळाकरभाऊ, तुमच्या काट्यांनी माझी ओढणी फाडली. कापू का त्यांना?"

"कापा," मी म्हटलं. "वाळलंय ते."

"वाळलंय कुठे? कळ्या आल्यात."

मी चपला न घालताच त्यांच्या दारातून आत गेलो. भिंतीच्या त्या बाजूला, अगदी बुडाशी, नफिसाभाभींचा पुदिना आहे, हातभर रुंद वाफा; मी कोपरं टेकतो तिथून तो दिसत नाही. माझे दोन दांडे पावसाळ्यात वाकून तिथे पोचले होते आणि त्यांची टोकं मातीत शिरली होती. मी बोटाने माती उकरली. टोकाला पांढऱ्या मुळांचा झुबका. रताळ्याचा वेल जिथे टेकेल तिथे रुजतो, तसंच. माझ्या बाजूने बुंधा मेला, तरी हे दोघे पुदिन्याचं पाणी पिऊन जगले होते. भिंतीच्या माथ्यापर्यंत हिरवे, आणि माथ्यापासून माझ्याकडे वाळके.

मुख्तार चहाचा कप घेऊन बाहेर आला. त्याने एकदा इकडे पाहिलं, मग भिंतीवरून वाकून पलीकडे पाहिलं.

"अर्धं जिवंत, अर्धं मेलेलं. काय घातलंस रे?"

चाळीस वर्षांच्या मैत्रीत त्याला एवढं विचारायचा हक्क होता. मी सांगितलं. तो इतका हसला की चहा पुदिन्यावर सांडला.

फेब्रुवारीच्या शेवटी फळं लागली. आधी हिरवी, मग लाल, आणि लाल झाली की माणूस फसतो. लाल रासबेरी या जातीत कच्ची असते, तोंड वाकडं करते. करवंदासारखी ती काळी होऊ द्यावी लागते. यंदा होळी रोज्यांत आली होती. मुख्तारचा उपास, त्यामुळे तो चाखू शकत नव्हता, पण त्यानेच खूण शोधून काढली. पिकलेलं फळ नुसतं बोट लावलं की देठावरून निसटतं, आतून पोकळ, बोटावर टोपीसारखं बसतं. ओढावं लागलं तर ते पिकलेलं नाही. तो बोटांनी काढायचा, मी चाखायचो.

"पुरे आता," तो म्हणायचा. "मी उपाशी आणि तू चाखूनच वाटी संपवणार."

होळीच्या आदल्या दिवशी आमच्या फ्रीजमध्ये वाटी काठोकाठ भरली. पण रूपेशची अट मला पाठ होती. आपल्या अंगणातली. वाटी बघून तो मागे जाणार आणि सहा काटक्या बघणार.

होळीच्या दुपारी नफिसाभाभी झोपल्या होत्या. मी मुख्तारला भिंतीशी बोलावलं आणि हळूच म्हटलं, "एक दांडा माझ्याकडे वळवू. काटक्यांना बांधून टाकू. आजच्यापुरता."

मुख्तारने दाढी खाजवली. "दोरी धरायला मदत करतो. पण मला कुणी विचारलं तर रोज्यात खोटं बोलणार नाही. आधीच सांगतो."

"तुला कोण विचारतंय?"

दोरी त्यानेच शोधली, निळी, नायलॉनची. दोन म्हाताऱ्यांनी मिळून काटे खात तो फळांनी लगडलेला दांडा भिंतीवरून माझ्या बाजूला ओढला आणि मेलेल्या काटक्यांना असा बांधला की लांबून बघणाऱ्याला झाड झकास दिसावं.

रूपेश होळीसाठी लवकर सुटला. साडेपाचला आला. घरात पुरणाचा वास होता. मी वाटी त्याच्या हातात दिली.

त्याने वाटी उजेडाकडे धरली. एक फळ तोंडात टाकलं. मग दुसरं.

"गोड आहे, बाबा. खरंच गोड आहे."

तो मागे आला. मी त्याच्या पाठोपाठ. त्याने दांडा पाहिला, एक लाल फळ ओढून खाल्लं आणि डोळे घट्ट मिटले. मग खिशातून फोन काढला. "ब्लॉकवाल्याला थांबवतो. उद्या माल टाकणार होता तो."

मी नजर चुकवून अळूकडे बघू लागलो. जिंकलेला माणूस असं करत नाही.

भिंतीवर मुख्तारचं डोकं उगवलं. बिचाऱ्याला राहवलं नसणार.

"चाचा," रूपेश म्हणाला, "तुमची काडी फळली की." मग त्याची नजर निळ्या दोरीवर गेली. दोरीवरून दांड्यावर, दांड्यावरून भिंतीच्या माथ्यावर. सुपरवायझरचा डोळा. त्याने फोन खाली घेतला. "चाचा, हे झाड नक्की कुणाचं?"

मुख्तारने घड्याळात पाहिलं.

"सहा पन्नासला विचार."

"आत्ता का नाही?"

"रोजा आहे."

आधी सुमित्रा हसली. ती स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं उलथनं घेऊन उभी होती. तेवढ्यात पलीकडून नफिसाभाभी बाहेर आल्या. "माझी कपडे वाळत घालायची दोरी कुणी सोडून नेली?"

मग मी सगळं सांगितलं. माड, मीठ, काटक्यांना घातलेलं पाणी, पुदिना, दोरी. सांगताना मान खाली होती, पण हलकं वाटत होतं.

"म्हंजे उंदीर ते तुमी," सुमित्रा म्हणाली.

रूपेश भिंतीपासून पावलांनी जागा मोजत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग वाटीतलं आणखी एक फळ खाल्लं.

"वाटी भरली, हे खरं," तो म्हणाला. "अंगण शेजाऱ्यांचं, हेही खरं. गाडीला सहा फूट लागतात, बाबा. दार उघडताना मी अंग चोरून उतरेन. भिंतीकडचे तीन फूट तुमचे. तिथे ब्लॉक नाही."

"आणि ती खारट माती?"

"ती उकरून ब्लॉकखाली भरू. तिथे नाहीतरी काही उगवायचं नाही. गाडीकडची चांगली माती तुमच्या बाजूला टाकतो." मग त्याने थांबून विचारलं, "रंग निवडलात?"

"राखाडी," मी म्हटलं. लाल ब्लॉकावरही माझी काळी फळं दिसलीच असती, पण मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

दोरी सोडताना दांडा आपोआप सरळ होऊन पलीकडे गेला. नफिसाभाभींनी वाटी मागून घेतली. त्यांनी फळं चुरडली, फडक्यातून गाळली, साखर आणि पुदिन्याची चार पानं टाकली. सुमित्राने पुरणपोळ्या डब्यात भरल्या आणि आम्ही सगळे शेजारी गेलो. गावातली होळी पेटायला अजून वेळ होता.

अजान झाली. मुख्तारने खजूर तोंडात टाकला, मग शरबताचा पेला उचलला. जांभळट लाल रंग. आम्हीही उचलले.

रूपेशने घड्याळ पुढे केलं. "सहा एक्कावन्न झाले, चाचा. आता सांगा. झाड कुणाचं?"

मुख्तारने घोट गिळला, मिशी पुसली. "नफिसाचं."

"माझं तर माझं," नफिसाभाभी म्हणाल्या. "पावसाळ्यात त्याचं टोक परत तुमच्याकडे वाकवा, कमळाकरभाऊ, मी अडवणार नाही. पाणी तुम्ही घालायचं. ओढणी फाटली तर नवी तुम्ही आणायची."

मी मान डोलवली आणि दुसरा पेला घेतला. आंबट, गोड, आणि शेवटी जिभेवर आणखी काहीतरी राहत होतं, ज्याने चव पूर्ण होत होती. मी विचारलं, यात काय घातलंय.

"मीठ," नफिसाभाभी म्हणाल्या. "चिमूटभर."

सुमित्राने माझ्यासमोर हात धरला, अंगठा आणि एक बोट जुळवलं.

"बगून ठेवा," ती म्हणाली. "चिमूट येवढी आसते."