पाच मुठी ज्वारी

“खाल्ली! आज बी समदी खाल्ली!” हे ओरडतच खोपीत शिरले तेव्हा मी भाकरी थापत होते. महिन्याभरात नवऱ्याच्या तोंडावर पहिल्यांदा हसू दिसलं.

प्लेगाचं साल होतं. उंदीर पडायला लागले तसं अख्खं गेवराई रानात खोपी घालून राहिलं होतं. अशात पेठेतल्या उत्तरेश्वरने आपलं दुकानघर निम्म्या किमतीत विकायला काढलं. तो कायमचा हैदराबादेला निघाला होता. आमचा जन्म गेला बाजारात गोणपाट अंथरून हळद-मिरची विकण्यात. पेठेत आपलं दुकान असावं, एवढाच एक ध्यास यांना होता.

“साथ वसरली की ह्याच घराचे दुप्पट येतील,” हे म्हणायचे.

“आन त्याच्या आदी आपुनच गेलो तर? मसणात मांडायचं का दुकान?”

माझं तोंड फटकळ, पण भीती खरी होती. यांनाही होतीच. म्हणून यांनी शक्कल काढली. उंदीर जिवंत असलेल्या घरात प्लेग नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मग रोज संध्याकाळी खिडकीच्या गजांतून मूठभर ज्वारी आत टाकायची आणि सकाळी बघायचं. दाणे संपले म्हणजे उंदीर धडधाकट. पाच दिवस एक दाणा उरला नाही.

सहाव्या दिवशी माझ्या पाटल्या गेल्या आणि कागद झाला. उत्तरेश्वरने किल्ली दिली आणि आगगाडी धरायला जालन्याच्या वाटेला बैलगाडी लावली. मेल्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कब्जा घेताना घरच्या बाईने चुलीवर दूध उतू घालायचं. म्हणजे आत पहिलं पाऊल माझंच की! गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला, पदर नाकाशी धरला आणि दुधाचं भांडं घेऊन उंबरा ओलांडला. आत कुबट वास होता. रांजणामागे काहीतरी हललं. मी वाकून पाहिलं.

उत्तरेश्वरची म्हातारी आत्या होती ती, दगडाबाई. तिला उमापूरला धाडलंय, असं तो सगळ्यांना सांगत फिरला होता.

“आत्याबाई, तुमी हितं?”

“हळू बोल, बाई. मला ताप आलता. आवाज केला तर सरकारी माणसं छावणीत नेतील म्हनला उत्तरेश्वर. भाईरनं कुलूप लावून गेला. आला का त्यो?”

तेवढ्यात दारातून यांचा चिरका आवाज आला, “आन उंदरं? उंदरं कुठं हायती?”

“उंदरं कवाच मेली. ताप यायच्या आदी. मीच मोरीतनं भाईर ढकलली.”

“नीला! भाईर ये! आदी भाईर ये!”

लग्नाला अठरा वर्षं झाली होती, यांनी माझं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. माझे पाय दाराकडे वळलेसुद्धा. खोटं कशाला बोलू, जीव प्यारा होता.

म्हातारीने पदराची गाठ सोडली. आत ज्वारी होती.

“कुनीतरी रोज खिडकीतनं टाकायचं. कुनाची हाय ठावं न्हाई. भूक लई लागली म्हून दोन मुठी खाल्ल्या. बाकी ठिवल्यात. ज्याच्या त्याला देऊन टाक.”

हे किल्ली हातात धरून उंबऱ्याबाहेरच उभे होते. मी नाकावरचा पदर सोडला, कमरेला खोचला आणि चूल पेटवली. दूध वर आलं तसं भांडं उतरवलं. एक थेंब उतू जाऊ दिला नाही. सगळं तिच्या वाटीत ओतलं.