तोफ गेली, गाडा राहिला

मित्रांनो, कोगनोळीजवळच्या हमरस्त्यालगत परवापर्यंत पार्श्वनाथ आप्पांचं पत्र्याचं शेड होतं. त्यात काय आहे असं गावात कुणालाही विचारलं असतं, तर "मोडका ट्रेलर" एवढंच उत्तर मिळालं असतं. त्यांची चूक नाही. मी एक जुना लोखंडी गाडा आहे. एके काळी माझ्या पाठीवर विमानं पाडणारी तोफ होती, हे आता मला पाहून खरं वाटत नाही.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. एक लांब जाड तुळई, तिला दोन बाजूंनी दोन आडवे हात, खाली चार चाकं आणि चार टोकांना चार मोठे जॅक. लष्करी लॉरी मला ओढत न्यायची. जागा मिळाली की सैनिक माझे हात पसरायचे, जॅकचे पाय जमिनीला टेकवायचे आणि स्क्रू फिरवून मला उचलायचे. चाकं अधांतरी व्हायची. मग मी जराही कललेलो चालत नसे, कारण मी बोटभर कललो तर वर आकाशात गोळा शंभर हात चुकायचा.

मी कलकत्त्याच्या गोदीजवळ होतो. भोंगा वाजला की सहा जण धावत माझ्यावर चढत. तोफ धडधडू लागली की आसपासची झाडं थरथरत, पण मी हलायचं नाही असा नियम होता. नेम धरणाऱ्याला शाबासकी मिळे, तोफेला शाबासकी मिळे. माझ्याबद्दल कुणी काही बोलत नसे, आणि मी ते चांगलंच समजत होतो. गाड्याबद्दल बोलायची वेळ आली म्हणजे गाडा बिघडला.

युद्ध संपलं. तोफ काढून वितळवायला नेली आणि मी इतर भंगाराबरोबर बेळगावला लिलावात आलो. तिथून पार्श्वनाथ आप्पांनी मला कोगनोळीला आणलं. पस्तीस वर्षं मी निपाणीच्या वखारीपर्यंत तंबाखूची पोती वाहिली. पाऊस असो, चिखल असो, माझा कणा वाकला नाही. आप्पा लोकांना कौतुकानं सांगत, "ह्यो लढाईतनं आलाय. ह्याला पोत्यांचं काय वजन!"

पुढं ट्रक आले. माझी चाकं उसाच्या ट्रॉलीला लावली गेली आणि मला विटांच्या चार खांबांवर शेडमध्ये ठेवलं. आप्पा गेले. त्यांचा नातू वृषभ कर्ता झाला. माझ्यावर जुनी पोती, फुटक्या पाइपा, मोडलेली खुर्ची असं काहीबाही साचत गेलं.

फक्त मष्णू मला विसरला नाही. तरुणपणी आप्पांकडे कामाला लागलेला हा गडी आता सत्तरी ओलांडलेला होता. दर वर्षी खंडेनवमीला नांगर-कुळवाची पूजा झाली की तो ग्रीसचा डबा घेऊन शेडमध्ये यायचा आणि माझ्या जॅकचे आटे पुसून त्यांना ग्रीस लावायचा.

वृषभ हसायचा. "मष्णूअण्णा, हे कशाला? आता काय तोफ ठेवायची हाय व्हय त्याच्यावर?"

"आप्पांनी सांगितलंय," मष्णू म्हणायचा, आणि बोटं फिरवत राहायचा.

पण डावीकडच्या जॅकपुढे आठ वर्षांपूर्वी पोत्यांची थप्पी लागली. ती हलवणं एकट्या म्हाताऱ्याच्या आवाक्यात नव्हतं. तेव्हापासून त्याचा हात तीन जॅकनाच लागला. चौथा अंधारात गंजत गेला.

गेल्या फेब्रुवारीत त्रिशला आली. ती निपाणीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. युद्धातल्या विमानविरोधी तोफा, त्यांचे गाडे आणि त्यांना ओढणाऱ्या गाड्या पुढं कुठं गेल्या, याचा ती शोध घेत होती. खानापूरकडे एका सर्चलाइटचा गाडा तिला पाण्याची टाकी वाहताना सापडला होता. एका लष्करी लॉरीचं इंजिन कुठल्याशा पिठाच्या गिरणीत चालत होतं. मला पाहिलं तेव्हा ती दारातच थबकली. मग हळूच आत आली आणि माझ्या तुळईवर तळहात ठेवून म्हणाली, "हा तर आख्खा आहे!"

मित्रांनो, किती वर्षांनी कुणीतरी मला ओळखलं होतं!

तिला माझा नंबर हवा होता. तो तुळईच्या पोटाला, पुढच्या टोकाजवळ ठोकलेला असतो. त्यावरून मी कोणत्या कारखान्यात, कोणत्या साली बनलो ते कळलं असतं. पण दिवस थोडे होते. रस्ता रुंद होत होता, शेड त्यात जाणार होतं, आणि वृषभनं मला भंगारात द्यायचं ठरवलं होतं.

"मॅडम, मला ठेवायला जागा न्हाय," तो अवघडून म्हणाला. "सोमवारी दुपारी कटरवाला येतोय. तवर काय बघायचं ते बघा."

सोमवारी ती सकाळीच आली. माझ्यावरची अडगळ आणि ती थप्पी मजुरांनी आदल्या दिवशी बाहेर काढली होती. त्रिशला कागदावर मापं घेत राहिली, फोटो काढत राहिली. बाहेर जेसीबी रस्त्याची कड खोदत होता. त्याचा प्रत्येक ठोका जमिनीतून माझ्या विटांपर्यंत येत होता. पुढच्या खांबाची खालची वीट भुगा होत चालली होती. मला ते कळत होतं. पण गाड्याला ओरडता येत नाही.

दोन वाजता कटरवाला रविराज गॅस कटर आणि दोन सिलिंडर घेऊन दारात उभा राहिला. त्रिशलाला घाई झाली. "पाचच मिनिटं!" असं म्हणून तिनं एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खडू घेतला आणि उताणी होऊन माझ्याखाली शिरली. तिनं खांब तपासले नाहीत. गंजावर खडू घासला की आकडे पांढरे उमटत.

"चार... एक... सात..." ती वाचू लागली.

तेवढ्यात वीट फुटली.

मी पुढच्या अंगानं खाली आलो. टनाहून जास्त लोखंड! तिचा डावा हात तुळई आणि विटांच्या ढिगात सापडला आणि ती किंचाळली. खांबातल्या दीड विटा अजून टिकल्या होत्या, म्हणून मी तिच्या छातीपासून चार बोटांवर अडकलो. पण त्याही करकरत होत्या. गोदीवर बॉम्ब पडत होते तेव्हा मला भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. कारण आता जे काही कोसळणार होतं, ते मीच होतो.

वृषभ धावत आला. आधी त्यानं जेसीबी थांबवला, मग पुन्हा चालकाला हाका मारू लागला. "बकेट घाल पुढनं, वर उचल!"

"नगं!" मष्णू दारातून ओरडला. "पुढनं उचललं तर मागचे खांब सरकतील. सगळा गाडा अंगावर जाईल तिच्या!"

"मग कापतो," रविराज म्हणाला. "टोक कापून टाकलं की हात सुटंल."

"आणि कापल्यावर मागचा बोजा कुठं जाईल, सांग की! ठिणग्या कुठं पडतील?"

वरून विटेची माती झरली. त्रिशलाचा श्वास मला ऐकू येत होता, तोकडा, तुटक.

"अण्णा," ती खालून म्हणाली, "जॅक. ह्याचे चारी जॅक तोफेसकट ह्याला उचलायचे. मी कागदपत्रांत वाचलंय. पण ते आता फिरतील का?"

मष्णू गुडघ्यावर बसला. "तीन फिरतील, आक्का. त्यांची ग्वाही मी देतो. चौथ्याची न्हाय."

"वृषभ, ते सांगतील तसंच करा," ती म्हणाली.

मग मष्णूनं हुकूम सोडले आणि सगळ्यांनी ते मुकाट पाळले. कपडे धुवायच्या फरश्या आणून जॅकच्या पायांखाली घातल्या. पुढच्या जॅकच्या दांड्याला पहार लावून वृषभनं जोर केला. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून काळपट ग्रीस बाहेर आलं आणि आटे फिरले. मागचा फिरला. उजवीकडचा फिरला. तिघांचे पाय फरशीला टेकले. पण डाव्या बाजूला आधार नव्हता, आणि अजून उचललं तर मी डावीकडे, नेमका तिच्या अंगावर कलंडणार होतो.

चौथ्या जॅकला दोघं लोंबकळले. तो तसूभरही हलला नाही. ट्रॅक्टरचा जॅक लावून पाहिला, तर तो माझ्या आडव्या हाताच्या गोलाईवरून निसटला आणि मी अर्धं बोट खाली गेलो. त्रिशलाच्या तोंडून आवाजही निघाला नाही.

"आक्का, बोलत ऱ्हा!" मष्णू म्हणाला. "गप बसू नगा. काय वाचत होता?"

"चार... एक... सात..."

"म्होरं?"

"दिसत नाही... डोळ्यांत माती गेलीय."

"मग तेच म्हणा परत."

ती तेच तीन आकडे म्हणत राहिली. रविराज त्या चौथ्या जॅककडे टक लावून पाहत होता. एकदम तो म्हणाला, "अण्णा, नट तापवू? लोखंड तापलं की गंज सोडतंय. हितनं आक्का पाच फूट लांब हाईत. मधी ओली पोती धरा."

मष्णूनं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. वृषभनं गोणपाटं हौदात बुडवून आणली आणि स्वतःच ती धरून त्या जॅकच्या आणि तिच्या मध्ये आडवा झाला. ज्या ज्वाळेनं माझे तुकडे व्हायचे होते, ती पेटली. नट काळ्याचा लाल झाला. वृषभच्या हातातल्या पोत्यातून वाफ निघू लागली. त्यानं हात काढला नाही.

"आता!" मष्णू ओरडला.

दोघांनी पहारीवर अंग टाकलं. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि चौथा जॅक पाव फेरा फिरला. मग अर्धा. त्याचा पाय फरशीला लागला.

"सगळ्यांनी एकदम न्हाय! एकेक फेरा. पुढचा. आता डावा. आता उजवा. थांब! आता मागचा."

ऐंशी वर्षांनी मी पुन्हा माझ्या चार पायांवर उभा राहत होतो, बोटाबोटानं. अंगातला प्रत्येक सांधा कण्हत होता. पण मी कललो नाही, मित्रांनो. जराही कललो नाही. वीतभर वर आलो तेव्हा वृषभनं त्रिशलाला खांद्याखाली धरून बाहेर ओढलं. तिचा हात दोन ठिकाणी मोडला होता. ती जिवंत होती.

तिला निपाणीच्या दवाखान्यात नेलं. शेडमध्ये तिघं उरले. वृषभचे हात भाजून लाल झाले होते. "काप ह्याला," तो रविराजला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता काप. माणूस खाल्लं असतं ह्यानं."

रविराजनं सिलिंडरचा काटा पाहिला. "गॅस संपला, मालक. नट तापवण्यातच गेला."

मष्णू त्या चौथ्या जॅकजवळ बसला होता. तो रडत होता. "ह्यानं न्हाय खाल्लं," तो म्हणाला. "ह्याला कुणी बघितलं न्हाय. मी पण न्हाय. थप्पी हलवायला कुणाला तरी हाक मारायची होती मी. मारली न्हाय."

वृषभ येऊन मष्णूशेजारी खाली बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं रविराजला येऊ नको म्हणून कळवलं. आठवड्यानं क्रेन आली. मला उसाच्या रानाकडेला, विहिरीजवळच्या नव्या छपराखाली नेलं. खाली फरशी घातली होती.

दीड महिन्यानं हाताचं प्लास्टर निघाल्यावर त्रिशला तिथं आली. मला वाटलं होतं, ती माझ्याजवळ येणार नाही. ती आली, पण छपराच्या कडेलाच थांबली. वृषभनं ते पाहिलं.

"तुम्ही हितंच बसा, मॅडम," तो म्हणाला. "मी वाचतो."

त्यानं आधी चारी जॅक हलवून पाहिले. मग तुळईखाली दोन लाकडी ओंडके सरकवले. मग पुन्हा एकदा सगळीकडे फिरून पाहिलं, आणि मगच तो खडू घेऊन खाली शिरला. त्रिशलानं मांडीवर वही उघडली.

"चार. एक. सात," तो म्हणाला. "म्होरं शून्य. मग नऊ. आणि बाजूला लहान अक्षरात साल हाय, त्रेचाळीस."

तिनं ते लिहून घेतलं. एकेक आकडा स्वच्छ उमटला.

मित्रांनो, मी काही फार शहाणा नाही. माझं आयुष्य वजन उचलण्यात गेलं. तरी एक विनंती करतो. तुमच्या घरात, शाळेत, शेतात माझ्यासारखं काही जुनं पडलं असेल, तर त्याला हार घालू नका आणि लाथही मारू नका. वर्षातून एकदा फडकं आणि तेलाचा थेंब घेऊन त्याच्याजवळ या. जो कोपरा हाताला येत नाही, तिथं एकट्यानं माघार घेऊ नका, दुसऱ्याला हाक मारा. आणि आमच्याखाली शिरायच्या आधी खांब तपासा. आम्ही तुमच्यावर कितीही माया केली, तरी वजन आम्हाला आवरता येत नाही.