सतरावी मात्रा

आम्ही अल्बममधून सतरावी मात्रा कापली आणि त्याच संध्याकाळी माझ्या घराच्या जिन्याची एक पायरी कमी झाली. तुटली वगैरे नाही, नव्हतीच. सोळाव्या पायरीनंतर थेट दार होतं, आणि मी सवयीने आणखी एक पायरी चढायला गेलो तो दारावर आपटलो. घरमालकांना विचारलं तर ते म्हणाले, "सोळाच आहेत की. तुम्ही राहायला आलात तेव्हापासनं."

मी मिरजेत बेस गिटार वाजवायचो. आम्ही तिघं होतो. ड्रमवर इलियास मुजावर, ऑर्गनवर चंदना मगदूम आणि मी परशुराम, म्हणजे या दोघांचा परश्या. चंदनाच्या वडिलांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. हंगाम संपला की त्यातली एक खोली रिकामी व्हायची. भिंती इतक्या जाड, की आतला आवाज बाहेर जायचा नाही आणि बाहेरचा आत यायचा नाही. तिथे स्वेटर घालून आम्ही तीन वर्षं एकच अल्बम करत होतो. शब्द नाहीत, गायक नाही. सत्तेचाळीस मिनिटं नुसती वाद्यं, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी. चंदनाच्या आत्याने एकदा वीस मिनिटं ऐकलं आणि प्रेमाने विचारलं, "छान आहे. सुरू कधी होणार?"

त्यातला एकही तुकडा कुणा एकाचा नव्हता. मी सूर काढायचो, चंदना तो उलटा करायची, इलियास त्याचे पाय तोडायचा. काहीही बदलायचं तर तीन हात वर व्हायला हवेत, हा नियम. दोन हात चालायचे नाहीत. एका विरामावरून आम्ही आठ महिने भांडलो, पण तिसरा हात वर होईपर्यंत थांबलो.

आवर्तन सतरा मात्रांचं होतं. सोळा मात्रा तिघंही जीव तोडून वाजवायचो आणि सतराव्या मात्रेला चंदना आणि मी गप्प. तेवढ्या जागेत इलियास एकटा. कधी तो काठीचं टोक टेकवायचा, कधी बोटाने एक टिचकी, एकदा तर त्याने फक्त श्वास सोडला. दर वेळी वेगळं. ऐकणारा माणूस त्याच जागेची वाट बघायचा. मीसुद्धा बघायचो आणि मला ते सहन व्हायचं नाही. घाम मी गाळायचा आणि लोकांच्या लक्षात राहायचा त्याचा ठोका. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

इलियास बहिणीच्या साखरपुड्याला विजापूरला गेला होता. मी चंदनाला म्हणालो, "ती मात्रा नसेल तर सगळं कसं धावत सुटेल बघ."

"तीन हात लागतात," ती म्हणाली. मग रेकॉर्डिंगच्या टेपकडे बघत तिने एक हात वर केला.

मी दोन्ही केले. "झाले तीन," मी म्हणालो. आम्ही हसलोसुद्धा.

ब्लेडने आम्ही एकशे ब्याण्णव ठिकाणी टेप कापली. बोटाच्या पेराएवढे तुकडे निघाले, ते बेदाण्याच्या एका रिकाम्या खोक्यात टाकले. उरलेलं जोडलं. खरंच धावत सुटलं.

इलियास सोळा तारखेला आला. अम्मीला घरी सोडून, तिने लगेच करून दिलेला शिरखुर्म्याचा डबा घेऊन आला होता. खुर्चीवर बसला आणि ऐकताना गुडघ्यावर ताल धरला. पहिल्या आवर्तनाच्या शेवटी त्याचा हात खाली आला, पण गुडघ्यापर्यंत पोचला नाही. मधली जागा संपली होती. दुसऱ्या आवर्तनाला मनगट दिसेना, तिसऱ्याला खांद्यापर्यंतचा हात.

"माझा हात कुणी वर केला?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. चौथ्या आवर्तनाला खुर्ची रिकामी होती. चंदनाने टेप बंद केली. शिरखुर्मा अजून कोमट होता.

दुसऱ्या दिवशी अठरा तारीख होती. पेपरवरही आणि पंचांगातही. चंदनाच्या ऑर्गनची सतरावी पट्टी गेली होती आणि शेजारच्या दोन पट्ट्या जवळ सरकल्या होत्या. मी इलियासच्या गल्लीत गेलो. तिथे सोळा नंबरच्या घराची भिंत अठरा नंबरच्या भिंतीला चिकटली होती, मध्ये पोस्टकार्डही गेलं नसतं. समोरच्या तंबोरे करणाऱ्यांच्या ओट्यावर त्याची अम्मी पिशवी घेऊन बसली होती.

"परशु, घर होतं रे बाबा इथं," ती म्हणाली. चिडलेली नव्हती. "सकाळी भाजी आणायला गेले, तेवढ्यात गेलं."

"चाची, आमच्याकडे चला."

"नको. भावाकडं जाते, विजापूरला. इलियास आला की त्याला तेवढं सांग. नाहीतर तो येडा मला गावभर हुडकत बसंल."

मी सांगतो म्हणालो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "तू का रडालायस?" मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी पिशवी उचलून तिला स्टँडवर सोडलं.

चंदनाने खोक्यातले तुकडे एकेक करून परत जोडले. चार दिवस लागले. टेप लावली तर सतराव्या जागी फक्त कॉम्प्रेसरची घरघर होती, एकशे ब्याण्णव वेळा.

"तो टेपमध्ये नाहीये," ती म्हणाली. "मात्रेत आहे. आपण वाजवूया. आणि जागा सोडूया."

सकाळी दहाला आम्ही सुरुवात केली. सोळा मात्रा वाजवायच्या आणि हात उचलायचे. पहिली दहा आवर्तनं काहीच झालं नाही. अकराव्याला, सतराव्या मात्रेत, इलियास ड्रममागे स्टुलावर बसलेला होता. मात्राभर होता, मग नव्हता. मी उरलेला सगळा जीव बोटांत आणला.

"परश्या," तो म्हणाला. मग सोळा मात्रा आम्ही. "थांबू." पुन्हा सोळा. "नको."

त्याला दर आवर्तनाला एकच शब्द मिळत होता. मी थांबलो नाही. बाराच्या सुमाराला माझ्या बोटांची सालं निघाली. त्याने "अम्मी" म्हटलं आणि पुढच्या वेळी "कुठाय".

मी पाचव्या मात्रेलाच ओरडलो, "विजापूरला!" समोर रिकामं स्टूल होतं. पुढच्या फेरीला त्याने परत विचारलं, "अम्मी." मग, "कुठाय." आमच्या सोळा मात्रांतलं त्याला काहीच ऐकू जात नव्हतं. म्हणून पुढच्या सतराव्या मात्रेत मी तोंड उघडलं आणि "इलि" एवढंच बोललो. तो आलाच नाही. स्टुलावर माझा अर्धा शब्द बसला होता.

"त्याच्या जागेत बोलू नकोस की!" चंदना ओरडली. "जागा एकाचीच आहे."

तीन आवर्तनं तो आला नाही. चौथ्याला आला तेव्हा त्याच्या शर्टाचा रंग उतरला होता आणि त्याच्यातून मागची भिंत दिसत होती. चंदनाने ऑर्गन सोडलं. माझ्या शेजारी येऊन ती नुसती मात्रा मोजू लागली, कारण मला आता मोजता येत नव्हतं.

"आणखी एकदा बोललास तर तो परत येणार नाही," मोजता मोजता ती म्हणाली.

मला माहीत होतं. तीन वर्षं मी या माणसाशेजारी बसून वाजवलं होतं, त्याच्या घरी जेवलो होतो आणि मला त्याची एक मात्रा बघवली नव्हती. मला त्याला "चुकलो" म्हणायचं होतं. दुसरं काहीही म्हणायचं नव्हतं. आणि अम्मी विजापूरला होती, आणि मात्रेत शब्द एकच मावत होता.

सतरावी मात्रा आली. "तू," इलियास म्हणाला.

सोळा मात्रा गेल्या.

"बोल."

पुन्हा सोळा. त्याने काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि शेजारी कुणाला बसवून घ्यायचं असावं तसा स्टुलावर जरा सरकून बसला.

मी वाजवत राहिलो. तारा ओल्या झाल्या होत्या.

"चौदा," चंदना म्हणाली. "पंधरा. सोळा."

मी हात उचलला आणि तोंड उघडलं.