डब्यावरचा पाय

मला एका जागी बसवत नाही, हे अख्ख्या वस्तीला माहीत आहे. पण मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी कहर झाला. सकाळी आठपासून मी मैदानात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. स्टेजवरून मिक्सरच्या टेबलाकडे, तिथून परत स्टेजकडे, मध्येच खाण्याच्या टेबलांमागून एक वळसा. मिक्सर म्हणजे वाटणाचा नव्हे, आवाजाचा. प्रत्येक माईकला एक पट्टी, वर सरकवली की आवाज मोठा, खाली ओढली की बंद. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानात सोळा वर्षं मी हेच करते आहे. वस्तीत मला आवाजवाली म्हणतात, आणि ते माझ्या स्वतःच्या आवाजालाही लागू आहे.

"अगं, टेक की घटकाभर," बेकरीवाली म्हणाली. "पायाला काय भिंगरी लावून घेतलीस?"

"तुझं काय जातंय? तू पाव विक," मी म्हटलं आणि पुढे गेले. नंतर वाईट वाटलं, पण परत जाऊन सॉरी म्हणायला वेळ कुठे होता?

आमचा उन्हाळी मेळावा म्हणजे दोन दिवसांचा गोंधळ असतो. कुंपणाला दोऱ्या बांधून वस्तीतल्या लोकांनी काढलेली चित्रं टांगतात, त्यांतली निम्मी वाऱ्याने उलटी होतात. शिंपीकाका स्वतःच्या कविता वाचतात आणि आवरत नाहीत. घरोघरची भांडी टेबलांवर येतात आणि संध्याकाळपर्यंत कुणाचं झाकण कुणाच्या पातेल्यावर गेलंय याची भांडणं होतात. आणि शेवटी, उन्हं उतरायच्या आधी, माझ्या सासूबाई अ‍ॅकॉर्डियन वाजवतात, गळ्यात अडकवून भाता उघडमीट करायची ती पेटी. आमच्या घरात त्याला बाजा म्हणतात. बाजा सुरू झाला की लहानथोर सगळे समोरासमोर दोन रांगा धरतात. चार पावलं पुढे, एकमेकांमधून पार, गिरकी, पुन्हा मागे. ठोका चुकला तर डोक्याला डोकं आपटलंच म्हणून समजा. एकोणतीस वर्षांत कधी आपटलं नव्हतं.

आता खरं दुखणं सांगते. सासूबाईंना ऐकू येत नव्हतं.

हे फक्त मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डावा कान गेलेला, उजव्यात थोडंसं उरलेलं. मशीन मिळालं, पण ते लावून बाजा वाजवला की डोक्यात पत्रे कोसळतात म्हणायच्या, म्हणून ते कपाटात गेलं. माझ्या ओठांवरून त्यांना बोलणं कळायचं, बाकीच्यांचं अंदाजाने. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, समजायचा की आई ऐकून न ऐकल्यासारखं करते. धन्य त्या माणसाची!

"कुणाला बोलायचं नाहीस," दवाखान्याच्या पायरीवरच त्यांनी मला बजावलं होतं. "कळलं की बाजा काढून घेतील. प्रेमाने घेतील गं, तेच वाईट. भांडून घेतला तर मी देईन का?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन वर्षं निभावलं ते वस्तादमुळे. वस्ताद म्हणजे सलूनवाला. दिवसभर केस कापतो आणि मेळाव्यात ढोल वाजवतो. सासूबाई त्याच्या काठीवर डोळे लावून वाजवायच्या. काठी पडली की सूर. लोकांना वाटायचं, काय जोडी जमलीय! आणि आता मेळाव्याला तीन दिवस असताना हा शहाणा पताका लावायला शिडीवर चढला आणि हात मोडून घेतला.

"काही अडत नाही," मेळाव्याचे सेक्रेटरी म्हणाले. "लॅपटॉपवरून ठेका लावू. हल्ली सगळे तसंच करतात."

हल्ली सगळे! लॅपटॉपला काठी असते का? बघायचं कुठे? पण हे मी कुणाला सांगणार? त्यात सेक्रेटरींच्या मनात शेवटचा कार्यक्रम तरुण मुलींच्या ग्रुपला द्यायचं होतंच. "तुमच्या सासूबाईंचंही आता वय झालं," हे त्यांनी मला दोन वर्षांत चारदा ऐकवलं होतं. एकदा रांगा आपटल्या की त्यांना निमित्तच मिळालं असतं.

सकाळी दहाला आम्ही स्टेजवर करून बघितलं. मी ठेका लावला, सासूबाईंनी बाजा उघडला. अर्धा ठोका मागे. मग पाव ठोका पुढे. मग पुन्हा मागे. सुदैवाने मैदानात टेबलं मांडणारे चार लोक सोडून कुणी नव्हतं.

सासूबाई थांबल्या. स्टेजच्या टोकाला एक स्पीकरचा डबा असतो, वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला, त्याला आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून. त्याच्याकडे त्या बघत राहिल्या.

"तो माझ्या पायाशी आण," त्या म्हणाल्या.

"आई, त्याने काय होणारे? तुम्हाला तो..."

"आण म्हणते ना. जमेल मला."

मी डबा सरकवून त्यांच्या पायाशी ठेवला. पुन्हा करून बघू म्हणेपर्यंत पोरांचा कोरस स्टेजवर चढला आणि त्यांच्या बाई मला ओरडायला लागल्या. म्हणजे राहिलंच. ते राहिलं, आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

दुपारभर माझं कशात लक्ष नव्हतं. शिंपीकाकांच्या कवितेच्या वेळी मी माईक चालू करायलाच विसरले. पाच मिनिटं ते नुसते ओठ हलवत होते आणि खरं सांगते, कुणाची तक्रार नव्हती. मी हसलेसुद्धा नाही. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. रांगा एकमेकींवर आदळताहेत, सासूबाई काही न कळून वाजवताहेत, आणि सेक्रेटरी मान हलवताहेत.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. चार वाजता मला युक्ती सुचली. मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, दरवर्षी मी मिक्सरवरूनच करून ठेवते. वस्तादचा ढोल आणि सासूबाईंचा बाजा, अगदी स्वच्छ. तेच लावायचं. त्यांच्या माईकची पट्टी खाली ओढायची. त्या वर वाजवत राहतील, लोकांना मागच्या वर्षीचं ऐकू जाईल, लोक नाचतील आणि घरी जातील. कुणाला कळणार? आमच्या जुन्या मिक्सरवर जे बाहेर जातं तेच त्या डब्यात जातं, वेगळं काही करता येत नाही. पण त्यांना ऐकूच येत नाही, तर डब्यात काय वाजतंय त्याने काय फरक पडतो?

त्यांना विचारावं असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलं होतं. मग वाटलं, त्या नाही म्हणतील. म्हणून विचारलं नाही.

साडेपाचला त्या स्टेजवर आल्या. निळा पोशाख, केस घट्ट बांधलेले. टाळ्या पडल्या. लोकांनी पटापट रांगा धरल्या. नवरा एका टोकाला आमच्या मुलीचा हात धरून उभा होता. सासूबाईंनी चपला काढल्या आणि उजवा पाय त्या डब्यावर ठेवला. मला वाटलं, बाईंची ऐट बघा! त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी पट्टी खाली ओढली आणि रेकॉर्डिंग सोडलं.

ढोल वाजला. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली.

त्यांनी बाजा उघडला, दोन ओळी वाजवल्या. खाली रांगा पुढे आल्या, पार झाल्या, गिरकी घेतली, सगळं मस्त. मी हुश्श करणार, तेवढ्यात त्यांनी खाली डब्याकडे पाहिलं. मग पायाकडे. पाय उचलला, पुन्हा टेकवला. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बाई पायाने ऐकत होती! डबा थरथरतो, तो थरथराट तळपायातून घेऊन ठोका पकडणार होती. सकाळी सुचलेलं त्यांनी दिवसभरात मनाशी घोटलं असणार. आणि आता पायाखाली सकाळचा ठेका नव्हता. वस्तादचा ढोल होता, जो वस्ताद प्लास्टर घालून दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसला होता.

मला थांबवता आलं असतं. पण मी नुसती बघत राहिले.

सासूबाईंनी बाजा मिटला. भात्याचा पट्टा लावला. आणि हात खाली सोडून उभ्या राहिल्या.

बाजा वाजतच होता.

आधी बेकरीवालीने पाहिलं. ती चालता चालता थांबली, मागची बाई तिच्यावर आदळली, समोरची रांग येऊन दोघींवर. मग एकेक करून सगळेच थांबले. मैदानभर बाजा घुमत होता आणि वाजवणारी गप्प उभी होती. मी रेकॉर्डिंग बंद केलं तेव्हा फार उशीर झाला होता.

सेक्रेटरी माईक घेऊन पुढे आले. हसत हसतच म्हणाले, "अहो, हे काय? किती वर्षं चाललंय असं?"

काही लोक हसले. काही नाही हसले. सासूबाई सेक्रेटरींच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना कळलं नव्हतं. काही कळलं नाही की त्या जशा गोड हसतात, तशा हसल्या. एकोणतीस वर्षांचं वाजवणं तो माणूस दोन वाक्यांत खोटं पाडत होता, आणि त्या हसत होत्या. माझं डोकंच फिरलं. धावत स्टेजवर गेले आणि सेक्रेटरींच्या हातातला माईक हिसकावला.

"हे मी केलंय," मी ओरडले. "आजच, पहिल्यांदाच. यांना माहीतसुद्धा नव्हतं. यांनी कधीच खोटं वाजवलेलं नाही!"

"पण का?" सेक्रेटरींनी विचारलं.

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. का म्हणून काय सांगायचं होतं? काहीतरी थाप मारायला हवी होती. एरवी माझी जीभ कशी सुरीसारखी चालते, पण तेव्हा थाप सुचली नाही.

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. मला वाटलं, ठोका चुकेल."

माईक तोंडासमोर होता, म्हणून माझे ओठ त्यांना दिसले नाहीत. सगळ्यांना कळलं, त्यांना सोडून. त्यांना कळलं ते मुलाकडे बघून. तो गर्दीतून वाट काढत आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकून मोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाला, "आई! बस! इथे! खुर्ची! आणतो!"

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"ठेका लाव," त्या मला म्हणाल्या. "सकाळचा."

"आई, राहू दे आता..." नवरा म्हणाला.

"तू खाली जा."

मी टेबलाकडे पळाले. सकाळचा ठेका लावला, त्यांच्या माईकची पट्टी होती तितकी वर सरकवली. त्यांनी पाय डब्यावर ठेवला, आठ ठोके जाऊ दिले आणि बाजा उघडला.

काय सांगू तुम्हाला! एक ठोका इकडचा तिकडे नाही. मी सोळा वर्षं कान लावून बसते, मला कळतं. गिरकीच्या जागी त्या नेहमीसारख्या किंचित रेंगाळल्या आणि बरोबर ठोक्यावर परत आल्या. मी रडत होते, मला लाज नाही वाटत सांगायला. सगळं संपूर्ण वाजवलं, शेवटच्या सुरापर्यंत.

टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या आमच्या मैदानात कधी पडल्या नव्हत्या. मी वर गेले, बाजा उतरवायला हात लावला. त्यांनी उतरवू दिला नाही.

"बरोबर वाजलं?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर, आई." तोंड सरळ त्यांच्याकडे करून, सावकाश म्हटलं.

"ठोका?"

"एकही चुकला नाही."

त्यांनी मैदानाकडे पाहिलं. रांगा केव्हाच मोडल्या होत्या. लोक स्टेजसमोर घोळक्याने उभे राहून टाळ्या वाजवत होते, बेकरीवाली एप्रनने डोळे पुसत होती, सेक्रेटरींनी छातीवर हात ठेवला होता.

"मग नाचले का नाहीत?" त्या म्हणाल्या.