संगमरवरी टोपी

ठिपके होते ते. टोपीच्या पांढऱ्या काठावर, शेपटीसारखे खाली ओढलेले, एका रांगेत सात काळे ठिपके — आणि सेलिनानं कितीही डोळे बारीक करून पाहिलं तरी तिला त्या वाळत घातलेल्या बोंबलांवर बसलेल्या माशाच दिसत होत्या. बोरीवलीतल्या त्या अरुंद दुकानात सीतारामनं बटर पेपरवर काढलेलं चित्र टेबलावर पसरलं होतं. मधोमध ढाल, ढालीवर टोपी, टोपीवर उभा सिंह, खाली लॅटिनमधलं काहीतरी. आणि मग तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं इतक्या बारीक अक्षरात : जॉनी कोलासो आणि पत्नी रोझी.

"टोपी लाल पाहिजे म्हणतायत तुमचे भाऊ," सीताराम म्हणाला. "संगमरवरावर लाल टिकत नाय मॅडम. दोन पावसाळे, बस्स. मग गुलाबी होणार."

"होऊ दे गुलाबी," ती म्हणाली, आणि तो हसला, पण ती हसवण्यासाठी बोलली नव्हती.

गोराईच्या सिमेट्रीत कायमचं झोपायला जागा कुणाला मिळते? तीन वर्षं माती, मग हाडं काढायची आणि भिंतीतल्या खणात ठेवायची. खणाच्या तोंडाला संगमरवरी पाटी, एक फूट बाय एक फूट, पॅरिशचा नियम, वर एक इंच नाही. मम्मी बावीस वर्षं त्या खणात आहे. आता पप्पांचीही मातीतली तीन वर्षं भरली, तेही तिथेच जाणार, येत्या रविवारी — फादर आशीर्वाद देणार, भाऊ, कार्ल, इंग्लंडातल्या स्विंडनहून येणार, आणि जुन्या पाटीच्या जागी ही नवी लागणार, कारण कार्लला घराण्याचं चिन्ह सापडलंय. इंटरनेटवर. आडनाव टाकलं की बाहेर पडतं म्हणे, स्टेशनवरच्या वजनकाट्यातून तिकीट पडायचं तसं.

घराणं म्हणे! कुठल्यातरी पोर्तुगीज पाद्र्यानं बाप्तिस्मा देताना एका सकाळी अख्ख्या पाखाडीला प्रसादासारखं वाटलेलं आडनाव, आणि त्याला आता टोपी फुटली. परवा कार्लनं केवढा मोठा व्हॉइस मेसेज पाठवला होता... "सेलू, ही साधी टोपी नाय गं, लॉर्ड लोकांची असते, मखमलीची, काठाला फर. राजा पार्लमेंटात येतो ना, तेव्हा ती काठीवर ठेवून त्याच्यापुढे चालतात." म्हणजे घालतही नाही कुणी ती. तिनं तो मेसेज दोनदा ऐकला, दुसऱ्यांदा केवळ चिडण्यासाठी. पप्पांच्या डोक्यावर जन्मभर ओला टॉवेल होता, वांग्याच्या वाफ्यात वाकून वाकून मान भाजलेली. शेवटची चार वर्षं तर ते डोकं तीच धूत होती, साबण डोळ्यांत गेला की शिव्या देणारं डोकं. त्या डोक्यावर म्हणे लॉर्डची टोपी. अरे, आलास का एकदा तरी ते डोकं धुवायला?

पण टोपीचं दुःख नव्हतं. उगाच कशाला खोटं बोलायचं! एकतीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेली बाई मी, कापड हातात आलं की आधी माप दिसतं मला. सिंह आणि टोपी मिळून पाच इंच. ढाल चार. उरलेल्या तीन इंचांत लॅटिन, मम्मी आणि पप्पा. संपला फूट. आणि जुन्या पाटीवर मम्मीच्या नावाखाली दोन ओळींची कोरी जागा होती, मुद्दाम सोडलेली. ह्याच दुकानात. सीतारामचा बाप तेव्हा पाट्या कोरायचा, आणि पप्पांनी अंगठ्यानं माप घेऊन पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या : "ही माझी. ही खालची सेलूची."

बावीस वर्षं दर नोव्हेंबरात, ऑल सोल्स डेला, ती पाटी पुसताना तिचा फडका त्या खालच्या कोऱ्या पट्टीवर जरा जास्त वेळ फिरायचा. नवरा नाही, पोरं नाहीत, घर उद्या कार्लच्या नावावर... पण ही चार बोटं रुंद जागा आपली. कुणी दाराबाहेर ठेवणार नाही.

तिनं फोन लावला. तिकडे सकाळ होती, कार्ल काहीतरी चावत होता.

"झकास आलंय ना?"

"माझं नाव कुठे घालायचं रे?"

"काय?"

"पाटीवर. माझी जागा होती खाली."

तो गोंधळला, मग हसला. "ए सेलू, काय बोलते तू सकाळी सकाळी! तू ठणठणीत आहेस. आणि बाईमाणसाला असलं चिन्ह, क्रेस्ट, नसतोच गं, तिथला रूलच आहे. तुझं नाव त्याच्याखाली... म्हणजे तसं चालत नाय."

"मम्मीचं चालतं?"

"ती वाइफ ना." मग समजावणीच्या सुरात, अगदी प्रेमानं, "तू पण आतच येणार ना त्यांच्याबरोबर. नाव नसलं म्हणून काय झालं? आत जागा आहे."

तिनं फोन ठेवला. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. 'आतच येणार' — आणणार कोण पण? सगळ्यांत शेवटी मरतो त्याची हाडं कोण काढतं?

"सही करा मॅडम," सीतारामनं पेन पुढे केलं. "नायतर जुनीच ठेवा. दोन ओळी आहेत तिच्यावर, साहेबांचं नाव घालतो, तुमची ओळ राहू दे. माझा बाप सांगायचा, लय विचार करून सोडलेली जागा होती ती. म्हणायचा, मुलगी पण किती खूश झाली होती."

खूश झाली होती. हो, झालेच होते. छत्तीस वर्षांची होते मी तेव्हा. उत्तनचा विल्फ्रेड अजून लग्नाचं विचारत होता, त्याच महिन्यात त्याची आई घरी येऊन गेली होती, आणि पप्पा तिला म्हणाले होते, बघू नंतर. मग इथे येऊन त्यांनी रेघ मारली. परक्या माणसासमोर, दोन मिनिटांत, अंगठ्यानं. छत्तीस वर्षांच्या मुलीला कुठे पुरायची ते ठरवून टाकलं, आणि मुलगी खूश! बोटीत परतताना मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते...

पेन तिच्या हातात होतं आणि सीताराम वाट बघत होता. कार्लवरचा राग तिनं पुन्हा शोधून पाहिला. होता तो, पण एकदम किरकोळ, उसना वाटायला लागला. खरा राग दुसरीकडे निघाला होता, बावीस वर्षं उशिरा, आणि तो करायचा तरी कसा — मंगळवारीच तिनं त्या माणसाची हाडं एकेक करून धुतली होती, कोमट पाण्यानं, बोटं दुखेपर्यंत, आणि अंगठ्याचं हाड सापडेना म्हणून माती पुन्हा चाळायला लावली होती.