दुमडलेली अनामिका

शिकायला आलेल्या जांदिराने गिटारीवर पहिली ओळ वाजवली आणि ओस्मारच्या हातातला कॉफीचा कप ओठांपाशीच थांबला.

मुलगी चांगली वाजवत होती. पण तिच्या उजव्या हाताची अनामिका तळव्यात दुमडलेली होती, आणि बाकीची बोटं तिच्याशिवाय भागवत होती. चार सुरांच्या जागी तीन, कुठे कुठे दोनच.

"थांब. ते बोट असं का धरलंयस?"

"तुमचंच आहे की, मास्तर!" जांदिरा हसली. "तुमचा टीव्हीवरचा कार्यक्रम टेप करून ठेवलाय मी. हात दिसला की थांबवायचं, बघायचं, पुन्हा मागे न्यायचं. दोन वर्षं घासतेय."

"आणखी कोण वाजवतं असं?"

"आमच्या संगीतशाळेत? गिटारवाले सगळेच. ज्यांचं बोट दुमडलेलं राहत नाही ते चिकटपट्टी लावतात."

स्वयंपाकघरात झुल्मिरा चीजचे पाव भट्टीतून काढत होती. "अगं बाई, फॅशनच निघाली की!" ती आतून ओरडली. "उद्या टक्कलसुद्धा करून येतील यांच्यासारखं." आणि तिचं हसणं मध्येच तुटलं. नवऱ्याच्या त्या बोटाचं खरं काय ते घरात, गावात, एकट्या तिलाच ठाऊक होतं.

विसाव्या वर्षी ओस्मार बेलो होरिझोंतेच्या नाचघरांत वाजवायचा. पुढे रिओतल्या हॉटेलांत आठ वर्षं, पॅरिसच्या जॅझ क्लबांत दोन. त्याचा हात भरगच्च होता. एका गिटारीत दोन माणसं लपवलीत म्हणायचे लोक. मग सहा वर्षांपूर्वी एका सरावात अनामिका आपोआप आत वळली. शर्टाची बटणं लागत होती, सुरी धरता येत होती. गिटार मांडीवर आली की मात्र बोट दुमडायचं. साओ पावलोच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. बोट ठणठणीत आहे, म्हणाले, मेंदूत हाताचा जो नकाशा असतो त्यातल्या रेषा एकमेकींत मिसळल्यात. औषध फारसं नाही.

तेव्हापासून त्याने सूर गाळायला सुरुवात केली. त्या गाळलेल्या सुरांचीच रेकॉर्ड निघाली. आवाज न चढवता गाणाऱ्यांचा हा देश, वादकाने काय सोडून दिलं यावर माना डोलावणारा. कुणालाही शंका आली नाही. ओस्मार आता मौन वाजवतो, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. बक्षीस मिळालं. एप्रिलमध्ये टोकियोचा दौरा ठरला होता, बासरीवाल्या लिंदोल्फोबरोबर. पंचवीस वर्षांची जोडी, पण लिंदोल्फोलाही त्याने सांगितलं नव्हतं.

"ते बोट सरळ कर," तो जांदिराला म्हणाला. "आता एकट्या त्याच बोटाने तार छेड. माझ्या ठेक्यावर."

त्याने टेबलावर ठेका धरला. तिचं बोट उशिरा आलं. दुसऱ्यांदा आलं ते थरथरत, आणि सूर लागायच्या आत पुन्हा दुमडलं.

"जरा आळशी झालंय," ती म्हणाली.

ओस्मारला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. पुरेसे दिवस चुकीची सवय दिली की मेंदू तीच खरी धरतो.

"पोरी, ही शैली नाही. आजार आहे. माझं बोट चालत नाही."

"मास्तर, माझी परीक्षा घेताय ना?"

त्याने गिटार घेतली आणि पहिल्या रेकॉर्डमधला एक जुना शोरो, इथल्या धावत्या नाचगतींपैकी एक, सुरू केला. सहा वर्षांत त्याने तो घरातसुद्धा वाजवला नव्हता. तिसऱ्या आवर्तनात अनामिका आत गेली. शेजारची बोटं तिला अडखळली, सूर सांडले. तो थांबला नाही. ओळ संपेपर्यंत त्याने तिला ते सगळं ऐकू दिलं. झुल्मिरा हातातला ट्रे घेऊन दारातच उभी राहिली होती.

"पण मग ती रेकॉर्ड?" जांदिराचा आवाज बारीक झाला होता.

"त्या रेकॉर्डमध्ये जेवढं आहे, तेवढंच मला येत होतं."

नंतरचे दोन तास त्याने तिला दुसरं काही वाजवू दिलं नाही. चार बोटं, चार तारा, अगदी संथ. बोट दमलं की विश्रांती, मग पुन्हा. झुल्मिराने मध्येच "पोरीला खाऊ तरी द्याल का!" म्हणून दोघांपुढे पाव ठेवले. पाचच्या सुमाराला चारही सूर एका मापाचे पडायला लागले. त्याच शोरोची पहिली ओळ, भरलेली, एकही जागा न सुटलेली. ओस्मारने तोंड खिडकीकडे वळवलं.

"अजून हळू," तो म्हणाला. "आणि पुन्हा."

निघताना तिने गिटारीची पेटी बंद केली, पण दाराकडे गेली नाही. "मास्तर, मी कुणाला बोलणार नाही. आईशप्पथ."

झुल्मिराने नवऱ्याकडे पाहिलं. टोकियोची तिकिटं कपाटात होती.

"बोल," ओस्मार म्हणाला. "चिकटपट्टीवाल्यांना आधी सांग. उद्याच."

ती गेली. मग झुल्मिराने फोन उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"लिंदोल्फोला तुमच्याकडून कळलं पाहिजे. गावाकडून नको."

पलीकडून नेहमीचाच आवाज आला. "काय म्हाताऱ्या! स्वेटर घेतलास का? तिकडे थंडीने गारठून मरशील!"

"लिंदोल्फो, उभा असशील तर बस जरा."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बसलो. बोल."

ओस्मारने सहा वर्षांपूर्वीच्या त्या सरावापासून सांगायला सुरुवात केली.