तोंडातल्या टाचण्या

रविवारी पाळकसाहेबांनी जिभेवर उपदेश केला आणि शिवणवाल्या मावशींना तो असा काही लागला, की घरी पोचेपर्यंत त्यांनी नेम करून टाकला: आजपासून कुणाबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. नेम सोपा नव्हता. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं, की अर्ध्या वस्तीची मापं तिथंच काढली जात, आणि त्यात मावशींचा हात कापड बेतण्यापेक्षाही साफ चाले. पण देवानं सोय करून ठेवली होती. जीभ वळवळली, की चार टाचण्या ओठांत धरायच्या.

सोमवारी मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रनबाई झगा आखूड करून घ्यायला आल्या. "मावशी, तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी आमच्याकडे अर्ज केलाय. आजारी मुलींचं बघायला बाई हवी आहे. कशा आहेत त्या?"

धाकटीचा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. या नोकरीबरोबर तिला राहायला खोलीही मिळणार होती. मावशींच्या जिभेवर पंधरा वर्षांचं सगळं एकदम गोळा झालं: तिचं हळू बोलणं, पहाटे उठणं, सासूबाईंचं उठता-बसता तिचंच नाव घेणं. मावशींनी मोठ्या निग्रहानं सगळं गिळलं.

"मी आता कुणाबद्दल वाईट बोलत नाही हो, बाई," त्या म्हणाल्या आणि टाचण्या तोंडात धरल्या.

मेट्रनबाईंनी मावशींच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कळलं."

मावशींना वाटलं, आपला नेम कळला. त्या दिवशी प्रार्थनेला बसल्या तेव्हा त्या स्वतःवर बेहद्द खूश होत्या.

गुरुवारी धाकटी आली. "नाही म्हणाल्या. कुणी वाईट बोललं का विचारलं, तर म्हणाल्या, छे, एक शब्दही नाही. महिनाअखेर घर सोडायचंय, जाऊबाई. प्रार्थना करा."

मावशींच्या हातातली कात्री थांबली. इतकी वर्षं बोलून त्यांनी कुणाची नोकरी घालवली नव्हती. ती न बोलता घालवली. त्या तडक वसतिगृहात गेल्या.

"माझी जाऊ चांगली आहे," त्या म्हणाल्या.

"चांगली म्हणजे?"

मावशी अडल्या. वाईट सांगायचं तर दाखल्यांसकट सांगितलं असतं; चांगलं सांगायची सवयच नव्हती. दाखला एकच होता, आणि तो काढला तर आपलंच बिंग फुटत होतं.

"सासूबाई अकरा महिने अंथरुणावर होत्या," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यांचं सगळं तिनं केलं. एकदाही नाक मुरडलं नाही."

"पण ते तर तुम्ही केलंत ना? अंत्यविधीत पाळकसाहेबांनीही सांगितलं होतं."

"त्यांना मीच तसं सांगितलं होतं. मी पाठ दुखते म्हणून बाजूला झाले होते."

धाकटीला नोकरी मिळाली. आणि रविवारपर्यंत मावशींची पाठ सगळ्या मंडळीच्या तोंडी झाली, अर्थात प्रार्थनेचा विषय म्हणून. उपासना संपल्यावर बायकांनी धाकटीला दारातच गाठलं. मावशी खांबाआड उभ्या होत्या. आता पंधरा वर्षांचं उट्टं निघणार, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या मते ते रास्तही होतं.

"दुखत होती हो त्यांची पाठ," धाकटी म्हणाली. "मीच शेकून देत होते."

ते खरं होतं. दोन दिवस दुखली होती. किती दिवस, ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मावशींना रडू आलं. तोंडात एकही टाचणी नसताना त्यांना शब्द फुटेना.